तीन भोकं वर

अन्याय झाला तो एका तांडेलावर, बोट चालवणाऱ्या माणसावर. झाला तो शिगम्याच्या आदल्या रविवारी, सकाळी सव्वादहाला, ओहोटी लागता लागता, केरीच्या फेरीबोटीच्या धक्क्यासमोर. पुन्हा झाला तो त्यानंतरच्या बुधवारी, त्याच धक्क्यावर, सकाळी आठच्या फेरीला. पहिला मी पान्याने केला. दुसरा पेनाने.

पत्रक कसं लिहायचं हे मला नदीसाठी भांडणाऱ्या आमच्या मंडळात शिकवलं. अन्याय कोणावर झाला, कधी झाला, आणि वाचणाऱ्याने आता काय करायचं. एवढंच, एका कागदावर. मधे कवित्व नको आणि 'कदाचित' हा शब्द तर नकोच. दुसऱ्या कुणी लिहिलेल्या मजकुरात तो दिसला तर मी लाल पेनाने काट मारायचे. रेतीच्या उपशावर लिहिलं, शेतात उतरणाऱ्या खाणीच्या गाळावर लिहिलं, नदीच्या तोंडावर सुसाट धावणाऱ्या पर्यटनाच्या बोटींवर तर पुन्हा पुन्हा लिहिलं. लोक म्हणायचे, पोरीच्या लिहिण्याला मिरची आहे. मला ते ऐकायला फार आवडायचं. आज त्याच रीतीने लिहिते आहे. आरोपीच्या जागी मी आहे एवढाच फरक.

आता हेही सांगून टाकते, कारण तुम्ही ते विचारणारच. ज्या बोटींच्या वेगाविरुद्ध मी रविवारी लिहायचे, त्याच बोटींचा वेग सोमवार ते शनिवार मी वाढवून द्यायचे. तोच माझा धंदा होता. पोट वेगळं आणि मत वेगळं, असं मी स्वतःला समजावलं होतं, आणि समजूत पटायला फार वेळ लागला नव्हता.

माझं गाव नार्वे. बाबा खनिजाच्या बार्जींवर इंजिनाचे मिस्त्री होते. पाळी गावच्या खाणींकडून ट्रक भरभरून लाल माती यायची, बार्जीत पडायची, बार्ज नदीने खाली जायची, आणि कुठेतरी मधेच अडून बसली की बाबांना बोलावणं यायचं. खाणी बंद पडल्या तशा बार्जी काठाला लागल्या, गंजल्या. ज्या यार्डात बार्जींची दुरुस्ती व्हायची त्या यार्डाने मग फायबरच्या लहान, वेगवान बोटी घ्यायला सुरुवात केली. आयुष्यभर म्हशी राखलेल्या माणसाच्या हातात ससे द्यावेत तसं बाबांचं झालं. ते इंजिन उचलून बघायचे आणि म्हणायचे, हे इंजिन की शिवणाचं मशीन? मी आयटीआय करून त्याच यार्डात लागले. ससे माझ्या वाट्याला आले.

इंजिनाच्या उंचीचं काम मला सगळ्यात जास्त आवडायचं. ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. या बोटींचं इंजिन बोटीच्या आत नसतं, मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं असतं. त्याच्या कण्यावर उभी भोकं असतात, एकाखाली एक, अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर. ज्या भोकात बोल्ट घालाल त्यावर इंजिन पाण्यात किती बुडणार ते ठरतं. खाली लावलं तर पंखा खोल राहतो, पाण्याला धरून राहतो, पण इंजिनाचा पाय पाण्यात ओढत नेण्यात जोर वाया जातो. वर घेतलं की ओढ कमी होते आणि बोट हलकी होऊन सुटते. पण फार वर घेतलं की पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो. मग इंजिन नुसतं बोंबलतं आणि बोटीला काही मिळत नाही. अशा बोटीला वेगळं सुकाणू नसतं हेही लक्षात ठेवा. इंजिनच वळतं, पंख्याचा रेटा वळतो, म्हणून बोट वळते. पंख्याला पाणी मिळालं नाही तर चाक कितीही फिरवा, बोट ऐकत नाही.

म्हणून हे काम एका वेळी एक भोक असंच करायचं. चेनपुलीला इंजिन टांगायचं, बोल्ट काढायचे, एक भोक वर घ्यायचं, पुन्हा आवळायचं, पाण्यात जाऊन यायचं. बोटीच्या तळाला ॲल्युमिनियमची सरळ पट्टी लावून पंख्यावरची आडवी पाती तिच्यापासून किती वर आहे ते मोजायचं. थंड करायचं पाणी इंजिनात नीट चढतंय का, बाहेरची बारीक धार चालू आहे का, ते बघायचं. आणि शेवटी मी एक गोष्ट माझी म्हणून करायचे. बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढायचे. बोल्ट नंतर कुणी सैल केला, हलवला, तर रेघ तुटते. यार्डातले पुरुष त्यावरून मला छळायचे. मी बाटली उघडली की कुणीतरी विचारायचंच, "व्हंकल तयार जाली काय गो?" व्हंकल म्हणजे नवरी. मी म्हणायचे, तुमच्यापेक्षा बरी दिसते. हसायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. पण मनात मी हिशेब ठेवत होते. कोण हसतो, कितीदा हसतो, कोण माझ्या हातून पाना काढून घेतो. त्या हिशेबाने पुढे माझा घात केला. माझा म्हणजे, एका दुसऱ्याच माणसाचा.

डिसेंबरात एका मालकाने नवीन बोट आणली. अरुंद, हलकी, शर्यतीच्या घडणीची. तेरेखोल नदीच्या तोंडावर पर्यटकांना घेऊन तो चकरा मारणार होता. तिथे दुसऱ्या एकाची अशीच बोट होती आणि तिच्यापुढे आपली मागे पडता कामा नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पहिल्यांदा तो बाबांशी बोलायला लागला. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मालकाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, बघूया.

त्या 'बघूया'वर मी तीन दिवस काम केलं. नार्व्याला नदी रुंद आहे, शांत आहे, सकाळी पाण्यावर सुरकुतीसुद्धा नसते. पहिलं भोक वर घेतलं, बोट सुटली. दुसरं घेतलं, आणखी सुटली. तिसऱ्याला ती पाण्याला टेकल्यासारखीच वाटेना. बोट वळवून पाहिली, लांब वळण घेतलं, आखूड वळण घेतलं, पंख्याने पाणी सोडलं नाही. चौथं घेतल्यावर धार तुटायला लागली म्हणून मी परत तिसऱ्यावर आले. नियमाने केलं सगळं. मालक काठावर उभा होता. म्हणाला, मानलं गो तुला. मी लाल रेघा ओढल्या, नळावर गेले आणि साबणाने हात धुतले.

हात धुण्यात काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. आमच्या यार्डात बार्जींच्या काळापासून एक रीत होती. दुरुस्त झालेली बार्ज तिचा स्वतःचा तांडेल घेऊन जायचा, भरून, जिथे ती चालायची त्या पाण्यात. एक फेरी मारून परत आला आणि 'घेतली' असं त्याने तोंडाने म्हटलं की मगच मिस्त्री साबणाला हात लावायचा. तोवर हात काळेच. बाबा असे दोन-दोन दिवस काळ्या हातांनी घरी आलेले मला आठवतात. पेज पितानासुद्धा वाटी मनगटांनी धरायचे. आई ओरडायची. ते म्हणायचे, अजून घेतली नाही त्याने.

बोट केरीला पोचवायला मीच गेले. तिथला तांडेल सिंधुदुर्गातला होता, नदीपलीकडचा, पन्नाशीचा. त्या नदीच्या तोंडावर लहानपणापासून मासेमारी केलेला, आता या मालकाकडे नोकरीला. त्याने चाक हातात घेतलं, मला बाजूला बसवलं आणि सरळ तोंडाकडे नेली. तिथे नदी समुद्राला मिळते. वाळूचा दांडा आहे, आणि त्यावरून लाटा आत येतात. एक लाट मागून आली, बोटीची मागची बाजू उचलली गेली, तो वळत होता, आणि इंजिन एकदम किंचाळलं. बोट क्षणभर बसली, मग पंख्याला पाणी मिळालं आणि पुढे गेली. तो परत आला. धक्क्यावर इतर बोटवाले बसले होते, पाववाल्या पोदेराकडून उंडे आणून चहात बुडवून खात. त्यांच्यासमोर त्याने मला सांगितलं,

"बाय, हेका दोन भोका खाली घे. हय लाट आसता. वळताना पानी सोडता."

आता मी काय ऐकलं ते सांगते. त्याने इंजिनाबद्दल सांगितलं. मी ऐकलं ते 'बाय' एवढंच. आमच्याकडे कुठल्याही मुलीला बाय म्हणतात, माझी आत्या मला बाय म्हणते. पण त्या दिवशी मला तो शब्द यार्डातल्या सगळ्या हसण्यांसारखा लागला. आणखी एक पुरुष, मला चारचौघांत शिकवणारा. माझा तो मनातला हिशेब उघडला आणि मी या माणसाचं नाव त्यात सगळ्यात खाली लिहिलं. मी म्हणाले,

"काका, नार्व्यात सगळं मोजून घेतलंय. तुम्ही फक्त चालवा."

बोटवाले हसले. एक म्हणाला, "तांडेला, आता शाळेत नाव घाल." तांडेल हसला नाही, चिडलाही नाही. "बरा," म्हणाला. "तुझा इंजीन, तुका म्हायत." आणि दोर बांधायला वाकला.

त्याला इंजिन स्वतः खाली घेता आलं नसतं का? नसतं. तिथे चेनपुली नव्हती, आणि मालकाच्या परवानगीशिवाय पाना लावला असता तर नोकरी गेली असती. त्याने मालकाला दोनदा सांगितलं, हे मला नंतर कळलं. मालकाने त्याला माझंच वाक्य ऐकवलं. मोजून घेतलंय.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, तांडेल 'घेतली' म्हणाला?

मी म्हणाले, हो.

एका अक्षराचं खोटं. त्याआधी आणि त्यानंतर मी बरंच काही बोलले असेन, पण या एका 'हो'ची जेवढी लाज वाटते तेवढी कशाचीच नाही. 'बरा' आणि 'घेतली' यांत किती अंतर आहे हे बाबांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

शिगम्याच्या आदल्या रविवारी ओहोटी लागली तशा केरीच्या बायका नेहमीप्रमाणे तिसऱ्या काढायला निघाल्या. तिसऱ्या म्हणजे वाळूत सापडणाऱ्या शिंपल्या. ओहोटीला दांडा उघडा पडायला लागतो तेव्हा त्या लहान होडीने तिथवर जातात. एकटी एक बाई होडीत होती, बाकीच्या दुसऱ्या होडीत, मागे. तांडेल चार पर्यटकांना घेऊन तोंडाकडून आत येत होता. पुढे होडी दिसली. आणि मग सगळ्या काठाने ऐकलं की इंजिन किंचाळलं, आणि पाहिलं की बोट न वळता जाऊन होडीवर आदळली. बाई पाण्यात पडली. तिचा पाय घोट्याच्या वर मोडला. तिला पाण्यातून काढायला पहिली उडी तांडेलानेच मारली.

सोमवारी मी मंडळाच्या वतीने तिला भेटायला गेले. वही घेऊन. ती खाटेवर होती, पायाला प्लास्टर, शेजारणी भोवती. सगळ्या एकदम बोलत होत्या. सगळ्यांनी आवाजाचं सांगितलं, इंजिन कसं किंचाळलं ते. त्यांच्या मते त्याने होडी दिसूनही वेग वाढवला. पर्यटकांना मजा दाखवायला.

मी ते लिहून घेतलं. इथे थांबून खरं सांगायला हवं. किंचाळलं हा शब्द ऐकल्यावर माझं पेन थांबलं होतं. वेग वाढवल्यावर इंजिन गुरगुरतं, घुमतं, पण किंचाळत नाही. पंखा हवेत आला की किंचाळतं. तो आवाज मी स्वतः त्या बोटीत, त्याच जागी, ऐकला होता. कदाचित, असं मनात आलं. आणि 'कदाचित' हा शब्द काटायची मला सवय होती.

पत्रक मंगळवारी छापलं, बुधवारी सकाळी आठच्या फेरीबोटीवर मी ते स्वतः वाटलं. केरीकडून तेरेखोलला जाणाऱ्यांना, तिकडून येणाऱ्यांना, शाळेच्या मास्तरांना, मासळीवाल्या बायकांना. एक प्रत धक्क्याच्या भिंतीला चिकटवली. मथळा मोठा होता. 'होडी दिसली, तरी वेग वाढवला.' खाली लिहिलं होतं की साऱ्या काठाने आवाज ऐकला आहे, आणखी कोणता पुरावा हवा? अशा तांडेलाला पुन्हा चाकावर बसू देऊ नका. नाव छापलं नव्हतं. गरजच नव्हती. त्या पाण्यावर तसा एकच होता.

माझी पत्रकं बहुतेक वेळा कुणी वाचत नाही. हे वाचलं. मालकाने त्याच दिवशी तांडेलाला काढलं आणि वर म्हणाला, लोकांच्या भावनेपुढे माझं काय चालतं? बोट चालवायचा त्याचा परवाना चौकशीपर्यंत अडकवून ठेवला. दुसरा कुणी मालक त्याला घेईना. त्याची बायको पेडण्याच्या बाजारात मासळी विकते. तिच्या पाटीसमोर उभं राहून लोक विचारायला लागले, आज घोवाने कोणाला मारलं? हे मला मंडळातल्याच एकाने हसत हसत सांगितलं. पत्रकाचा परिणाम म्हणून. मी पण हसले असेन. हसले नव्हते असं लिहायचा मोह होतोय.

जूनला पाऊस जवळ आला, पाण्यातले खेळ बंद झाले, तशी ती बोट दुरुस्तीसाठी आमच्या यार्डात आली. एक कड फुटलेली होती, तिथे होडीचा हिरवा रंग लागलेला. मी मागे गेले. इंजिन तसंच होतं. तीन भोकं वर. माझ्या चारही लाल रेघा अखंड. एकही तुटलेली नव्हती. कुणी बोल्टाला हात लावला नव्हता, तांडेलाने नाही, मालकाने नाही, कुणीच नाही. यार्डात ज्या रेघेसाठी लोक मला हसायचे तीच रेघ आता माझ्याविरुद्ध साक्ष देत होती, आणि वाचणारी मी एकटीच होते.

मी ताडपत्री ओढून घेतली आणि घरी गेले.

पुढचे अडीच महिने मी गप्प बसले. काही कारणं दिली स्वतःला. मंडळाची इभ्रत जाईल. आमची पत्रकं खोटी असतात असं खाणवाले म्हणतील. खरोखर म्हणालेही असते. पण ते कारण नव्हतं. कारण असं होतं की लोक माझ्या लिहिण्याला मिरची म्हणत होते आणि मला ते गमवायचं नव्हतं. पावसात मी आणखी दोन पत्रकं लिहिली. दोन्हींत 'जबाबदारी' हा शब्द आहे. घरी त्या प्रती आहेत. जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, फळीवर ठेवल्या होत्या, आता मेजाच्या खणात उलट्या घालून ठेवल्यात.

चतुर्थीच्या आधी मालकाचा निरोप आला. हंगाम सुरू होतो आहे, नवीन तांडेल मिळाला आहे, बोट तयार करा, इंजिन आहे तसंच ठेवा. त्यावर बाबांनी ताडपत्री काढली, फुटलेली कड पाहिली, मग मागे जाऊन बराच वेळ वाकून उभे राहिले. जेवताना एवढंच विचारलं.

"ताणें 'घेतली' म्हळ्ळें?"

तोच प्रश्न, परत. तो म्हणाला होता का? या वेळी मी नाही म्हणाले. बाबांनी हात धुतला नाही, ताटावर तसेच बसून राहिले. मग म्हणाले की मला काय सांगतेस, ज्याला सांगायचं त्याला जाऊन सांग.

आधी मी बाईकडे गेले. प्लास्टर निघालं होतं, पण ती काठी घेऊन चालत होती आणि दांड्यावर जाणं बंदच होतं. मी सगळं सांगितलं. भोकं, आवाज, माझं खोटं. ती सुपात तांदूळ निवडत ऐकत होती. मग म्हणाली की तो चाक गरागरा फिरवत होता, एका हाताने तिला खूण करत होता, उडी मार म्हणून ओरडत होता.

"हांवें तुका सांगिल्लें," ती म्हणाली. "तुवें बरोवंक ना."

मी तुला सांगितलं होतं, तू लिहिलं नाहीस. मी घरी येऊन वही काढली. होतं. सोमवारच्या पानावर, माझ्याच अक्षरात. 'चाक फिरवत होता, उडी मार ओरडला.' आणि त्यावर लाल काट.

तांडेलाच्या घरी जायला फेरीबोट लागते. धक्क्याच्या भिंतीवर माझं पत्रक अजून होतं, पावसाने पांढरं झालेलं, पण मथळा वाचता येत होता. ते फाडावं असं वाटलं, पण बघणारे होते, आणि तेवढीही हिंमत त्या क्षणी झाली नाही. तो घरी नव्हता, चिऱ्यांच्या खाणीवर गेला होता, ट्रकात दगड भरायला. बायकोने मला ओळखलं. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी अंगणात तुळशीशेजारी उभी राहिले. दोनच्या सुमारास तो आला, लाल धुळीने माखलेला. मी माफी मागायला तोंड उघडलं. वाक्य येतानाच तयार केलं होतं, आणि चांगलं केलं होतं. त्याने ते पुरं होऊ दिलं नाही.

"ता इंजीन आता खय आसा?"

यार्डात, मी म्हणाले.

"तीन भोका वर?"

मी मान हलवली.

"मगे हय कित्याक इलंस? नवो कोण येतलो, तेका काय म्हायत? आदी जाऊन ता खाली घे."

इथे कशाला आलीस, आधी जाऊन ते खाली घे. एवढंच बोलला आणि हातपाय धुवायला विहिरीकडे गेला. नोकरीचं, परवान्याचं, पत्रकाचं एक अक्षर नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणूनच कदाचित रागावला नाही. किंवा दगड भरून आलेल्या माणसाला माझ्यासाठी राग काढायचं त्राण नव्हतं, हे जास्त खरं असेल.

इंजिन खाली घ्यायचं म्हणजे रेघा तुटणार, आणि त्या रेघा त्याच्या बाजूचा एकमेव पुरावा. यार्डात उभी राहून मी याचा विचार केला. चौकशी होईपर्यंत तसंच ठेवावं का? पण बोट शुक्रवारी जाणार होती, आणि आत चाकावर कुणीतरी बसणार होता. मी तळाला पट्टी लावून, बाबांना शेजारी उभं करून फोटो काढले. मग पाना लावला. चारही रेघा तुटल्या. दोन भोकं खाली घेतलं, त्याने सांगितलं होतं तेवढंच. या वेळी नेलपॉलिश लावलं नाही.

मालक चिडला. बोट घेऊन गेला, पुन्हा आमच्या यार्डात येणार नाही म्हणाला. मी लेखी जबाब दिला, फोटो जोडले. चौकशी करणाऱ्या साहेबांनी सगळं सभ्यपणे वाचलं. मालकाचं म्हणणं होतं की इंजिन पहिल्यापासून खालीच होतं आणि फोटो कुठल्याही बोटीचा असू शकतो. साहेबांनी मला विचारलं, त्या दिवशी तुम्ही धक्क्यावर होता का? नव्हते. मग वेग वाढवला नाही हे तुम्ही कशावरून सांगता? ज्यांनी पाहिलं ते तर तुमच्याच पत्रकात म्हणतायत की वाढवला. त्यांनी पत्रक माझ्यापुढे ठेवलं. कोपऱ्याला धक्क्यावरची डिंकाची खूण होती.

बाईने जबाब दिला आहे. पण ती होडीत होती, घाबरलेली होती, असं म्हणून तो बाजूला ठेवता येतो. पर्यटक कुठले कोण, गेले. काठावरच्यांना मी घरोघर जाऊन विचारलं. लोक म्हणतात, आम्हाला आठवतं ते तू लिहिलंस तसंच. माझ्या मथळ्याने त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेलं झाकून टाकलं आहे. तांडेल अजून चिरे भरतो आहे. चौकशी अजून उघडी आहे, आणि ती बंद होईल तेव्हा माझं पत्रक खरं ठरून बंद होईल.

म्हणून हे तुम्हाला. त्या रविवारी सव्वादहाच्या सुमारास तुम्ही केरीच्या धक्क्यावर असाल, फेरीबोटीच्या रांगेत गाडी लावून बसला असाल, पलीकडून पाहत असाल, तर माझं पत्रक विसरा आणि एकच गोष्ट आठवा. इंजिन किंचाळलं त्या क्षणी बोटीचं नाक वर उठलं, की खाली बसलं? वेग वाढवला असेल तर नाक वर उठतं. पंखा हवेत आला असेल तर बोट बसते. तुम्ही ते पाहिलं आहे. कुणाच्या बाजूने बोलू नका, माझ्या तर मुळीच नाही. जे पाहिलं ते, उठलं तर उठलं, बसलं तर बसलं, एवढंच एका कागदावर लिहा, खाली सही करा, आणि चौकशी बंद व्हायच्या आत स्वतःच्या हाताने त्या साहेबांकडे नेऊन द्या.